अलमूतचा खंजीर

ऑक्टोबर १०९२. सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजाम-उल-मुल्क इराणात नहावंदजवळ पालखीतून तंबूकडे निघाला होता. सूफीच्या वेषातला एक तरुण जवळ आला आणि त्याने वजिराला भोसकलं. सुलतानाच्या दरबारातल्या काहींचीही याला फूस असल्याचा संशय तेव्हाच व्यक्त झाला. पण इस्माइली या शिया पंथाच्या फिदाईंनी, म्हणजे जीव द्यायला तयार असलेल्या अनुयायांनी, केलेल्या गाजलेल्या हत्यांमध्ये हीच पहिली मानली जाते.

त्याच्या दोन वर्षं आधी या पंथाचा नेता हसन सब्बाह याने एल्बुर्झ डोंगरातला अलमूत किल्ला लढाईविना घेतला होता. त्याचे अनुयायी विखुरलेले, मूठभर. सेल्जुक फौजेशी मैदानात भिडणं म्हणजे आत्मनाशच. मात्र त्या फौजेचं एक मर्म हसनने ओळखलं असावं: तिथे निष्ठा सरदाराच्या पायाशी असे. सरदार पडला की सैन्य पांगे. म्हणून एक माणूस, एक खंजीर. विष नाही, लांबून सोडलेला बाण नाही. वार अनेकदा भर दरबारात किंवा जुम्म्याच्या नमाजाला, आणि मारेकरी सहसा जिवंत परतत नसे. कधी नुसती दहशतही पुरे. सेल्जुक सुलतान संजरच्या बिछान्याजवळ हसनने जमिनीत खंजीर रोवायला लावला आणि नंतर तह झाला, असं इतिहासकार जुवैनी सांगतो. या डावपेचाची किंमत मात्र शहरांतल्या साध्या इस्माइलींनी मोजली. हत्येनंतर जमाव त्यांच्यावर तुटून पडत.

फिदाईंना भांग पाजून स्वर्गासारख्या बागेत नेण्याची कथा जगभर गेली ती मार्को पोलोमुळे. तो त्या मुलुखातून गेला तेव्हा अलमूत पडून बरीच वर्षं झाली होती. दारू प्याल्याच्या आरोपावरून पोटच्या मुलाला देहदंड देणारा हसन नशेवर पंथ चालवील, हे मला पटत नाही. जुवैनी तर पंथाचा कट्टर वैरी. १२५६मध्ये मंगोल हुलागूने अलमूत घेतल्यावर जुवैनीने तिथलं ग्रंथालय चाळलं, निवडक ग्रंथ वाचवले, उरलेले जाळले. बाग आणि भांग त्याच्याही लेखणीत नाही. एका समाजाची स्वतःची साक्ष अशी जाळली गेली, याचा मला आजही राग येतो.

पंथ मात्र उरला. अलमूतच्या इमामांचे वंशज आगाखान पहिले १८४०च्या दशकात मुंबईत आले. १८६६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा या इस्माइली समाजाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकालपत्रात अलमूतपर्यंतचा इतिहास उलगडला आणि आगाखानांचा त्या समाजावरचा हक्क मान्य केला.