मांडव घालून बसलेलें राष्ट्र

लग्नघरीं मांडव पडला, बोलावणीं गेलीं, मुहूर्त जवळ आला, आणि तरीही वऱ्हाड निघाल्याची वार्ता नाहीं, अशा वेळीं यजमानाच्या मनाची काय अवस्था होते हें कोणाही गृहस्थाला सांगावयास नको. खर्चाची चिंता त्याला असतेच. परंतु त्याहून मोठी चिंता अब्रूची असते. आपण बोलावलें आणि कोणी आलें नाहीं, ही गोष्ट पुढें घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहील, या भयानें त्याला झोंप येत नाहीं. एका संपूर्ण राष्ट्रावर असा प्रसंग १९३० सालीं आला. तें राष्ट्र म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे, आणि तें कार्य म्हणजे जागतिक फुटबॉल चषकाची पहिली स्पर्धा.

उरुग्वे नकाशावर शोधून काढावा लागतो. ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्यें, ला प्लाटा नदीच्या विस्तीर्ण मुखाशीं तो वसला आहे. या भूमीसाठीं हे दोन शेजारी एकमेकांशीं लढले. अखेर ब्रिटिशांच्या मध्यस्थीनें १८२८ सालीं तह झाला, आणि दोघांपैकीं कोणाचीच न राहतां ती भूमि स्वतंत्र झाली. ता. १८ जुलै १८३० रोजीं या नव्या राष्ट्रानें आपल्या पहिल्या राज्यघटनेची शपथ घेतली. पुढचीं कित्येक वर्षें यादवींत गेलीं. तरी त्या धामधुमींतही १८७७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं होसे बाट्ये या कर्तबगार अध्यक्षानें राज्याची घडी नीट बसविली. १९१५ सालीं कामगारांसाठीं आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला. लोकर आणि मांस युरोपला विकून देशांत पैसा येत होता. लोकवस्ती मात्र वीस लाखांहूनही कमी. असें हें लहानसें, शिकलेलें आणि मानी राष्ट्र १९३० सालीं आपल्या घटनेची शताब्दी साजरी करणार होतें. दुसऱ्यांच्या तहांतून जन्मलेल्या या देशाला आपण स्वतःच्या पायांवर उभे आहोंत हें जगास दाखवावयाचें होतें.

जगाला दाखविण्यासारखी एक गोष्ट त्याच्यापाशीं निश्चित होती. फुटबॉलचा खेळ उरुग्वेंत इंग्रजांबरोबर आला. तेथील रेल्वे इंग्रज कंपनीची. तिच्या नोकरांनीं १८९१ सालीं एक क्रिकेट क्लब काढला आणि त्यांतूनच पुढें पेन्यारोल हा प्रसिद्ध फुटबॉल संघ निघाला. १८९९ सालीं देशी तरुणांनीं ‘नासियोनाल’, म्हणजे राष्ट्रीय, असें अर्थपूर्ण नांव देऊन आपला निराळा क्लब स्थापला. गुरूची विद्या शिष्यानें थोड्याच काळांत आत्मसात केली. १९२४ सालीं उरुग्वेचा संघ ऑलिंपिकसाठीं समुद्र ओलांडून गेला; वाटेंत स्पेनमध्यें मैत्रीचे सामने खेळत तो पॅरिसला पोंचला. तेथें पहिल्याच सामन्यांत त्यानें युगोस्लाव्हियावर सात गोल चढविले आणि अखेरीस स्वित्झर्लंडला तीन गोलांनीं हरवून सुवर्णपदक मिळविलें. १९२८ सालीं ॲमस्टरडॅम येथें त्याची अंतिम गांठ शेजारच्या अर्जेंटिनाशीं पडली. पहिला सामना बरोबरींत सुटला. तीन दिवसांनीं तो पुन्हां झाला तेव्हां उरुग्वेनें दोन विरुद्ध एक गोलांनीं तो जिंकला. ज्या देशाचें नांव युरोपांत फारसें कोणाच्या कानांवर नव्हतें, तो फुटबॉलमध्यें दोनदां जगाच्या शिरोभागीं बसला.

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय फुटबॉल मंडळांत एक नवा विचार मूळ धरीत होता. ऑलिंपिकचे नियम हौशी खेळाडूंसाठीं. परंतु पैसे घेऊन खेळणारांची संख्या अनेक देशांत वाढत चालली होती. तेव्हां सर्वांना मोकळी अशी स्वतंत्र जागतिक स्पर्धा असावी, असा आग्रह मंडळाचे फ्रेंच अध्यक्ष झ्यूल रिमे यांनीं धरला, आणि १९२८ सालीं ॲमस्टरडॅमच्या सभेंत तो मान्य झाला. यजमान कोण, हा प्रश्न मे १९२९ मध्यें बार्सिलोनाच्या सभेपुढें आला. इटली, स्पेन, हॉलंड, स्वीडन आणि हंगेरी हे देशही इच्छुक होते. परंतु उरुग्वेनें आपल्या शताब्दीचा हवाला दिला. येणाऱ्या सर्व संघांचा प्रवास व राहण्याजेवणाचा खर्च आपण सोसूं आणि या कार्यासाठीं नवें क्रीडांगण बांधूं, असें वचन दिलें. खेळांतला कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या अर्जेंटिनाच्या प्रतिनिधीनेंही त्याची तरफदारी केली. बाकीचे देश मागें सरले आणि यजमानपदाचा मान उरुग्वेला मिळाला.

मॉन्टेव्हिडिओ या राजधानींत आनंदास पारावार राहिला नाहीं. जुलै १९२९ मध्यें क्रीडांगणाची कोनशिला बसली. आराखडा हुआन आंतोनियो स्कासो या शिल्पज्ञाचा. शहरांतील एका विस्तीर्ण उद्यानांत, जमिनीच्या नैसर्गिक खोलगटाचा उपयोग करून, सिमेंट काँक्रीटची लंबवर्तुळाकार वास्तु उभी करावयाची, आणि तिच्या बाजूस शंभर वर्षांची खूण म्हणून शंभर मीटर उंचीचा मनोरा, अशी ही योजना होती. नांव ठरलें ‘सेंतेनारियो’, म्हणजे शताब्दी. दोन टोंकांच्या बैठकींना दिलेलीं नांवें पाहिलीं म्हणजे त्या लोकांचें मन उघडें होतें. एकीचें नांव ‘कोलोंब’, कारण १९२४ सालचा विजय पॅरिसनजीकच्या कोलोंब येथील मैदानावर मिळाला, दुसरीचें ‘ॲमस्टरडॅम’. ज्या परक्या शहरांनीं आपल्याला डोक्यावर घेतलें, त्यांचीं नांवें या लोकांनीं कृतज्ञतेनें आणि थोड्या अभिमानानेंही आपल्या भिंतींवर कोरलीं.

परंतु काळ आणि आकाश दोन्ही उलटलीं. ऑक्टोबर १९२९ मध्यें न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीची लाट हळूहळू सर्व जगावर पसरूं लागली. लोकर व मांस यांवर जगणाऱ्या देशाला तिची झळ लागणारच होती. त्यांतच जोराच्या पावसानें बांधकाम खोळंबलें. मजुरांच्या तीन पाळ्या लावून रात्रींही दिव्यांच्या उजेडांत काम चालू ठेवावें लागलें. पायावर ओतलेलें काँक्रीट घाईनें वाळत नाहीं. त्याला काय वर्तमानपत्रांची निकड कळते! राजधानींतील लोक सुटीच्या दिवशीं सहकुटुंब तेथें जाऊन काम कोठवर आलें हें पाहूं लागले असतील, तर त्यांत नवल तें कसलें?

मांडवाच्या चिंतेहून वऱ्हाडाची चिंता मात्र अधिक दारुण ठरली. आमंत्रणें सर्वत्र गेलीं होतीं, पण युरोपांतून एकामागून एक नकार येऊं लागले. आगबोटीनें जाण्यास सुमारे पंधरा दिवस, येण्यास तितकेच, आणि मध्यें स्पर्धा; म्हणजे खेळाडूंनीं दोन महिने घराबाहेर राहावयाचें. क्लबांचे चालक आपले पगारी खेळाडू इतके दिवस सोडण्यास तयार नव्हते. हौशी खेळाडूंना कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून रजा मिळेना. ब्रिटिश संघटना १९२८ सालींच आंतरराष्ट्रीय मंडळांतून बाहेर पडल्या होत्या. त्यांनींही येण्याचें नाकारलें. विशेष बोंचणारी गोष्ट ही, कीं जे देश यजमानपदासाठीं उरुग्वेशीं चढाओढ करीत होते, त्यांपैकीं एकानेंही आपला संघ पाठविला नाहीं. स्पर्धा दोन महिन्यांवर आली तरी युरोपांतील एकाही संघाचें नांव पक्कें नव्हतें.

उरुग्वेच्या लोकांना हा आपल्या राष्ट्राचा अपमान वाटला. आम्ही दोनदां समुद्र ओलांडून तुमच्या दारीं आलों. तुम्हांला एकदांही आमच्या दारीं येववत नाहीं काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. लॅटिन अमेरिकेंतील संघटनांनीं आंतरराष्ट्रीय मंडळ सोडून देण्याची भाषा सुरू केली. युरोपांतील उरुग्वेचे वकील एन्रिके ब्वेरो यांनीं आर्जवें केलीं, आणि रिमे यांनींही आपलें सर्व वजन खर्च केलें. अखेर चार देशांनीं होकार दिला: फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया. रुमानियाचा राजा कॅरोल दुसरा हा जून १९३० मध्येंच गादीवर आला होता; त्यानें आपल्या देशांतील खेळाडूंना मालकांकडून रजा मिळवून देण्यांत जातीनें लक्ष घातलें.

‘कोन्ते व्हेर्दे’ या इटालियन आगबोटीचा तो प्रवास मोठा मनोरंजक आहे. जिनोव्हा बंदरांत रुमानियाचा संघ चढला, ता. २१ जून रोजीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील व्हिलफ्रांश येथें फ्रेंच संघ व स्वतः रिमे चढले. बार्सिलोनास बेल्जियमचा संघ आला. रिमे यांच्या सामानांत आबेल लाफ्लर या फ्रेंच शिल्पकारानें घडविलेली विजयदेवतेची मूर्ति, म्हणजे तोच तो जागतिक चषक, होती. खेळाडू डेकवर धांवत, कसरत करीत. पुढें ज्यांच्याशीं झुंजावयाचें त्यांच्याच पंक्तीला जेवत. वाटेंत रिओ द जानेरो येथें ब्राझीलचा संघही त्याच बोटींत चढला. युगोस्लाव्हियाचे लोक मार्सेयहून ‘फ्लोरिडा’ या दुसऱ्या बोटीनें निघाले होते. ता. ४ जुलै रोजीं कोन्ते व्हेर्दे मॉन्टेव्हिडिओच्या धक्क्यास लागली तेव्हां त्या शहराचा जीव भांड्यांत पडला. एकंदर तेराच संघ जमले. परंतु यजमानाची अब्रू राहिली. पाहुणे किती येतील याचा भरंवसा नसल्यामुळें सामन्यांचे गटही ते आल्यावरच पाडण्यांत आले.

पाहुण्यांची काळजी मिटतांच सर्वांचे डोळे स्वतःच्या संघाकडे वळले. यजमानाच्या उत्साहाचें हें दुसरें अंग, आणि तें तितकेंसें कोमल नाहीं. आतां नुसतें पाहुणचार करून भागणार नव्हतें. जिंकावयास पाहिजे होतें. कप्तान होसे नासाझीच्या संघाला शहरांतच एका हॉटेलांत कडक शिस्तींत कित्येक आठवडे ठेवलें होतें. आंद्रेस माझाली हा गोलरक्षक दोन्ही ऑलिंपिक विजयांचा मानकरी. पण एका रात्रीं नियम मोडून तो बाहेर गेला आणि उशिरां परतला, एवढ्यावरून त्याला संघांतून काढून टाकण्यांत आलें. पुन्हां जागा त्याला मिळाली नाहीं. लोकांची अपेक्षा एवढी वाढली होती कीं, जुन्या उपकारांचें स्मरणही तिच्यापुढें टिकलें नाहीं.

उरुग्वेंत जुलै म्हणजे ऐन हिवाळा. ता. १३ जुलैला स्पर्धा सुरू झाली तेव्हां सेंतेनारियो तयार नव्हतें. पहिले सामने पेन्यारोल व नासियोनाल यांच्या जुन्या मैदानांवर खेळवावे लागले. उरुग्वेचा सामना मात्र शताब्दीच्या दिवसासाठीं राखून ठेवला होता. ता. १८ जुलैला क्रीडांगणाचे दरवाजे उघडले. कांहीं भागांतील काँक्रीट अजून पुरतें वाळलें नव्हतें असें म्हणतात. त्या प्रचंड समुदायापुढें पेरूच्या संघानें यजमानांना बराच वेळ दाद दिली नाहीं. अखेर दुसऱ्या डावांत हेक्तोर कास्त्रोनें गोल केला आणि सामना त्या एकाच गोलानें जिंकला गेला. कास्त्रोचा एक हात लहानपणींच यंत्राच्या करवतींत सांपडून तुटलेला होता. शतकाच्या त्या वास्तूंत पहिला गोल या थोट्या हाताच्या माणसानें करावा, हा योग विलक्षण खरा.

पुढची हकीकत थोडक्यांत पुरे. ता. ३० जुलैच्या अंतिम सामन्यासाठीं अर्जेंटिनाचे हजारों लोक बोटींनीं नदी ओलांडून आले. मध्यंतरास उरुग्वे एका गोलानें मागें होता. शेवटीं त्यानें चार विरुद्ध दोन गोलांनीं विजय मिळविला, आणि शेवटचा गोलही कास्त्रोचाच होता. दुसरा दिवस राष्ट्रीय सुटीचा म्हणून जाहीर झाला. अपमानाचा सल मात्र गेला नाहीं. १९३४ सालीं स्पर्धा इटलींत भरली तेव्हां उरुग्वेनें आपला संघ पाठविला नाहीं, आणि त्याच्या कारणांत १९३० सालचा हा रुसवा प्रमुख मानला जातो. जगज्जेत्यानें आपलें पद राखावयास न जाण्याचा तो एकमेव प्रसंग होय.

या उत्सवाचें मूल्यमापन कसें करावें? मंदीच्या तोंडावर लहानशा देशानें एवढा खर्च करावा काय, असा आक्षेप सहज घेतां येतो. परंतु आपल्याला कोणी तरी मोजावें, पंक्तींत आपलेंही पान मांडलें जावें, ही भूक जशी माणसाला तशी राष्ट्रालाही असते. ती केवळ मूर्खपणाची म्हणतां येत नाहीं. विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. हा सारा मांडव ज्या राज्यघटनेच्या नांवानें घातला, त्या घटनात्मक राज्यावर तीन वर्षांतच घाला पडला. मार्च १९३३ मध्यें अध्यक्ष गाब्रिएल तेर्रा यांनीं संसद बरखास्त करून सत्ता आपल्या हातीं घेतली. सेंतेनारियो मात्र उभें राहिलें. आंतरराष्ट्रीय मंडळानें १९८३ सालीं त्याला फुटबॉलचें ऐतिहासिक स्मारक म्हणून गौरविलें, आणि २०३० सालच्या स्पर्धेचा एक सामना शतकाची आठवण म्हणून तेथें खेळविण्याचें २०२३ सालीं जाहीर केलें.

पाऊस आणि मंदी यांच्याशीं झगडून थोड्याच महिन्यांत क्रीडांगण उभें राहूं शकतें. ज्यासाठीं तें उभारलें त्याची राखण मात्र पाहुणे परत गेल्यानंतर, वाजंत्री थांबल्यानंतर, रोजच्या रोज करावी लागते. आणि तें काम पाहण्यास सहसा कोणी गर्दी करीत नाहीं.