सासवडकर, कोयता आणि राहात्याचं पाणी

मायग्रेशन म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या डोक्यात व्हिसा, ऑनसाइट आणि न्यू जर्सीचं मराठी मंडळ एवढंच येतं. पण राहाता-कोपरगाव पट्ट्यात शंभरेक वर्षांपूर्वी एक मायग्रेशन झालं, पासपोर्टशिवाय. सासवडचे माळी इथे आले.

ही मंडळी सासवडला विहिरीच्या पाण्यावर ऊस लावायची, गूळ करायची. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर ती बारामतीकडे सरकली. पुढे 1916 मध्ये दारणा धरण पूर्ण झालं आणि गोदावरीचे कालवे भरवशाचे झाले, तशी ती इकडे आली. राहाता तेव्हा कोपरगाव तालुक्यातच होतं.

आता गंमत बघा. जमीन स्थानिकांची, कालवा दारातून जाणारा, आणि ऊस लावला बाहेरच्यांनी! कारण साधं आहे. ज्वारी-बाजरी करणाऱ्या माणसाला पाणीपट्टी, पेंड आणि मजुरी अंगावर घेऊन दीड वर्ष आडसाली उसात पैसा अडकवणं परवडत नव्हतं. त्यापेक्षा जमीन खंडाने देणं सोपं. सासवडकरांकडे जमीन नव्हती. पण उसाचा अनुभव होता आणि गुळाच्या बाजारात पत होती. मला तरी पत जास्त महत्त्वाची वाटते. अनुभव शेजाऱ्याचं बघूनही येतो हो.

1930 नंतरच्या मंदीत गूळ कोसळला आणि बरेच जण बुडाले. 1932 मध्ये सरकारने साखरेला जकातीचं संरक्षण दिलं, आणि त्याच वर्षी सासवडकरांनी तिकडे सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून स्वतःची कारखाना कंपनी काढली. तोवर इकडचे स्थानिकही उसात उतरले होते. मग सहकारी कारखाने आले आणि जुना प्रश्न निवडणुकीत निघाला: हा आपला की बाहेरचा? समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्करांनी कोपरगाव कारखान्यावरच्या 1980 च्या पुस्तकात मराठा-माळी रस्सीखेच नीट मांडली आहे. दोन पिढ्या इथे काढूनही माणूस 'सासवडकर'च!

बरं, हे लोक आज किती, कसे आहेत? न्यूयॉर्कमधल्या डोमिनिकन लोकांची संख्या, शिक्षण, उत्पन्न सगळं मिळतं, कारण तिथलं जनगणना खातं मूळ विचारतं. आपल्याकडे जन्मठिकाण विचारतात, पण राहात्यात जन्मलेल्या नातवाचे आजोबा कुठून आले हे त्यात येत नाही. सगळ्या जातींचे जनगणनेतले आकडे छापले गेले ते शेवटचे 1931 चे.

आणि याच उसामागे आलेला दुसरा स्थलांतरित तर याहून अदृश्य. बीड-पाथर्डीकडची ऊसतोड टोळी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पाचटाची कोपी. अनुभव यांनाही आहे, अगदी पिढीजात. पण सासवडकराच्या हाती आलेला पैसा त्याच्या पिकात गेला. यांची उचल हंगाम सुरू व्हायच्या आधीच लग्नात, दवाखान्यात नाहीतर जुन्या देण्यात संपलेली असते, आणि मग कोयता चालतो तो ती फेडायला. कारखान्याचा पट्टा पडला की टोळी परत गावाकडे. अंगावर बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामाच्या हिशेबात चढते.