नट होता तेव्हा...

परवा घाटात, भर पावसात ब्रेक मारला आणि गाडीने असं नाक खुपसलं की गावाहून आलेल्या आईने डॅशबोर्डच धरला. "कधीची होडीसारखी डुलतेय रे ही!" मला मात्र काहीच जाणवलं नव्हतं.

मेकॅनिकने पुढचं चाक काढलं. स्ट्रटवर तेलाचे ओघळ, टायरवर हात फिरवला तर ठिकठिकाणी खोलगट झिजलेला.

खड्डा झेलते ती स्प्रिंग. शॉक अ‍ॅब्सॉर्बर फक्त तिची उसळी आवरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या ट्रुफो-हार्टफर्ड शॉकमध्ये हे काम एकमेकींवर घासणाऱ्या तबकड्या करत. ढिल्या पडल्या की नट आवळायचा, झालं! पुढे तेलाचे शॉक आले. १९४० च्या दशकात अर्ल मॅकफर्सन यांनी स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात बसवले. १९५० मध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिरला ते लागले. १९८३ च्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही तेच. सुटसुटीत खरे, पण चालवणाऱ्याच्या हातातला नट गेला.

झीज इतकी हळू होते की आपण नकळत तिच्याशी जुळवून घेतो. कोपरा दाबून सोडला की गाडीने एकदा वर येऊन थांबावं. डुलत राहिली तर शॉक गेलाच. थांबली तरी तो ठणठणीत असेलच असं नाही.

असो. दोन्ही बाजूंचे स्ट्रट बदलले. आता बऱ्याच दिवसांनी गाडीत बसणाऱ्याला मी आधी विचारतो, "डुलते का हो?"