टांग्याच्या चाकापासून कडीपाटापर्यंत

वाई-मिरजेकडच्या जुन्या वाड्यात मान वर केली, की कडीपाटाला मारलेली सागवानी पट्टी दिसते. तिच्यावर पितळी क्लिपांत आवळलेली काळी वायर, टोकाला गोल लाकडी ठोकळा आणि त्यावर चिनी मातीचं सीलिंग रोज. ही पट्टी फिटिंग. त्या काळ्या वायरचं जुनं नाव सीटीएस, म्हणजे ‘कॅब टायर शीथ्ड’: विलायतेतल्या भाड्याच्या घोडागाड्यांच्या चाकांना असे, तसल्या चिवट रबराचं कवच चढवलेली. माजघरातल्या दिव्याची सोयरीक थेट टांग्याच्या चाकाशी निघाली, तेव्हापासून या पट्टीनं मला झपाटलंय.

त्याआधीची रीत केसिंग-केपिंगची. लाकडी खोबणीत सुती वेष्टणाच्या वायरी आणि वर झाकण. पट्टी फिटिंग म्हणजे त्याचंच झाकण गळालेलं रूप, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. अंगावरच कवच असलेल्या वायरला लाकूड कशाला? विलायतेत ती सरळ तुळईलाच क्लिपांनी मारत. आपल्याकडे पट्टी आली ती भिंतीमुळे, असं माझं ठाम मत आहे. आडव्या वायरला दर १० सेंटिमीटरवर क्लिप लागते, उभीला १५ वर. पांढऱ्या मातीच्या भिंतीत एवढ्या चुका धरणार कशा? म्हणून क्लिपा खालीच पट्टीवर ठोकून घ्यायच्या आणि पट्टी तेवढी भिंतीतल्या लाकडी गिट्ट्यांवर ७५-७५ सेंटिमीटरवर स्क्रूनं आवळायची. भिंतीसाठी बसलेली ही सवयच पुढे छतावर चढली असणार.

पुढे प्लॅस्टिकची वायर आली, स्लॅब आले. स्लॅब ओतायच्या आधीच पाईप आणि फॅन बॉक्स टाकावे लागतात. तेव्हा राहून गेलेला दिवा ट्यूब होऊन भिंतीवर जातो. लपवलेल्या पाईपांची दुसरी अडचण पुराची: सांगलीत २००५ आणि २०१९ मध्ये आला तसा पूर येऊन भिंतीतल्या पाईपांत पाणी शिरलं, की आतलं काहीच दिसत नाही. उघड्यावरची वायर पुसता येते, तपासता येते. म्हणून पूररेषेतल्या घरात मी फीड वरून आणून बोर्डापर्यंत उघडीच उतरवीन.

कडीपाटाला तर झिरी मारूच नये. तिथं पीव्हीसीची केसिंग पट्टी लावावी आणि अर्थिंगची तिसरी वायरही दिव्यापर्यंत न्यावी. सागवानी पट्टी शोभेला ठेवायची असेल तर ठेवा, पण तिच्यावरचं रबर आधी उतरवा. होल्डरजवळ बल्बच्या उष्णतेनं ते इतकं वाळलेलं असतं, की बोटांनी वाकवलं तरी भुगा होऊन उघडं तांबं दिसतं.