०७७१ : संकेतांकात उरलेला जुना नकाशा

नागपुराहून रायपूरच्या गोल बाजारातील एखाद्या पेढीला दूरध्वनी लावायचा, तर आधी ०७७१ फिरवावे लागते. नागपूरचा स्वतःचा संकेतांक ०७१२. पुण्याचा मात्र ०२०, मुंबईचा ०२२, नाशिकचा ०२५३. दूरध्वनीच्या लेखी नागपूर आजही पुण्याचे नव्हे, रायपूरचे भाऊबंद आहे!

परगावचा फोन हा एके काळी ‘ट्रंक कॉल’ असे आणि त्याचा मार्ग ऑपरेटर ठरवी. १९६० साली कानपूर–लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि हा निर्णय यंत्राकडे गेला. यंत्राला गावाचे नाव कळत नाही. ते डावीकडून एकेक अंक वाचत वाट अरुंद करत नेते : ० म्हणजे गावाबाहेर, पुढचा ७ म्हणजे मध्य भारत, ७७१ म्हणजे रायपूर, ७७५२ आले असते तर बिलासपूर. साहजिकच एका प्रदेशातील केंद्रे एकाच आद्यांकाखाली येतात. ०७ मध्ये भोपाळ, जबलपूर, रायपूर आहेत, तसेच वर्धा, अमरावती, अकोला, चंद्रपूरही. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. पुढे विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. संकेतांकांत मात्र जुना शेजार टिकून आहे. (गोव्याचा ०८३२ही असाच कर्नाटकाच्या ०८ मध्ये बसतो.)

आज पेढीतले हे काम इंटरनेटला जोडलेला गेटवे करतो. ‘अमुक अंकांनी सुरुवात झाली, तर तमुक मार्गाने पाठव’ अशा नियमांची यादी त्यात भरलेली असते. एकाच क्रमांकाला दोन नियम लागू पडले, तर काही यंत्रांत अधिक अंक जुळणारा नियम चालतो, काहींत यादीत आधी आलेला. खरी गफलत इथेच होते. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावणे आवश्यक झाले. त्यामुळे सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक उपलब्ध होतील, असा हिशेब होता. पण ७ ने सुरू होणारे मोबाइलही पुष्कळ. म्हणजे ०७ हे परगावचे केंद्रही असू शकते आणि कुणाच्या खिशातला मोबाइलही. शून्यानंतरचे अंक दोन्हीकडे दहाच. ‘०७ आले की स्थिर वाहिनी’ असा जुना, आखूड नियम गेटवेत राहिला, तर मोबाइलसाठी सिमकार्डाचा मार्ग मोकळा असूनही तो फोन भलत्याच वाटेने जातो. त्यासाठी नियम लांब लिहावा लागतो : ०७७१ नंतर २ आला तर रायपूरचा स्थानिक दूरध्वनी.