लाल मुकुटाचे कासव

गंगेच्या खोऱ्यातील, गोड्या पाण्यात राहणारे अतिसंकटग्रस्त कासव. शास्त्रीय नाव बटागुर काचुगा, कुल जिओएमिडिडी. चंबळकाठची माणसे याला ‘साल’ म्हणतात. पूर्वी गंगा व तिच्या मोठ्या उपनद्यांतून ते थेट बांगलादेशापर्यंत आढळे. आता नियमित वीण होत असलेली भरवशाची संख्या एकट्या चंबळ नदीत उरली आहे. तेथील प्रौढ माद्या 500 च्या आतच असाव्यात, असा अंदाज आहे.

‘लाल मुकुटाचे’ हे नाव पडले ते नरावरून. विणीच्या हंगामात त्याचा माथा लालभडक होतो, डोके निळसर दिसते आणि मानेवर तांबडे पट्टे उमटतात. मादी तपकिरी, साधी. मात्र आकाराने नराच्या जवळजवळ दुप्पट. तिचे पृष्ठवर्म (पाठीचे कवच) 56 सेंमी.पर्यंत लांब असते व वजन 25 किग्रॅ.पर्यंत भरते. छायाचित्रांत बहुधा नरच झळकतो, पण जातीचे भवितव्य या थोराड, बिनरंगी माद्यांवर अवलंबून आहे.

पाणवनस्पती हे मुख्य अन्न. खोल, वाहते पाणी आणि लगत उंच वाळूचा काठ अशा दोन्हींची गरज असते. मार्च-एप्रिलमध्ये मादी रात्री वाळूवर चढून खड्डा करते आणि 11 ते 30 अंडी घालते. पिल्ले मे-जूनमध्ये, पावसाळी पूर येण्याच्या सुमारास बाहेर पडतात. याच वाळवंटांवर सुसरींचीही वीण चालते.

चंबळच का उरली, याला इतिहास आहे. पुराणकथांतील ही चर्मण्वती. यज्ञातल्या पशूंच्या रक्ताशी नाव जोडले गेल्याने ती अपवित्र मानली गेली. पुढे खोल घळी आणि दरोडेखोरांची दहशत यांमुळे काठावर मोठी शहरे व कारखाने फारसे आले नाहीत. गंगेला देवी मानून तिच्या पात्रात घाण सोडली गेली, तर बदनाम चंबळ तुलनेने स्वच्छ राहिली. पण तीही मोकळी नाही. वर गांधीसागर, राणाप्रताप सागर आणि जवाहर सागर ही धरणे व कोट्याचा बंधारा आहे. उन्हाळ्यात प्रवाह रोडावतो, बेटे काठाला जोडली जातात आणि कोल्ह्या-कुत्र्यांना घरट्यांपर्यंत वाट मिळते. अवेळी पाणी सोडले तर अंडी बुडतात. वाळूउपशाने वीण-काठच नाहीसे होतात, तर डांगरवाड्यांसाठी पात्र नांगरले जाते.

सर्वांत मोठा घात मासेमारीची जाळी करतात. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ते गुदमरून मरते. वयात यायला बरीच वर्षे लागणारी मादी अशी गेली, तर तिच्याबरोबर पुढच्या कित्येक विणी जातात.

संवर्धनाचे काम राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात चालते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः सुसरींसाठी स्थापन झालेले हे अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरले आहे. वनखात्यांबरोबर टर्टल सर्व्हायव्हल अलायन्स ही संस्था 2006 पासून येथे काम करते आहे. काठावरच्या गावांतील माणसे पहाटे मादीचा माग काढून घरटे शोधतात. धोक्याच्या जागची अंडी उकरून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीवर पुरली जातात. हाताळताना अंडे उलटू न देणे महत्त्वाचे, नाहीतर आतला गर्भ दगावू शकतो. बहुतेक पिल्ले जन्मतःच नदीत सोडतात. थोडी मुरैनाजवळच्या देवरी आणि इटावा जिल्ह्यातील गढायता केंद्रांत काही वर्षे वाढवून मग सोडतात. वार्षिक अहवालांत पिल्लांचे आकडे उठून दिसतात, आणि ते खरेही असतात. पण हजार पिल्लांपेक्षा जाळ्यातून वाचलेल्या काही माद्यांचे मोल जास्त ठरू शकते, आणि त्या मोजणे फार अवघड.

भारतीय वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या जातीचा समावेश आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामा येथे भरलेल्या ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून तिला परिशिष्ट 1 मध्ये घेतले गेले. त्याच परिषदेत दख्खनच्या नद्यांतील, महाराष्ट्रातही आढळणारे लीथचे मऊ पाठीचे कासवही त्या परिशिष्टात गेले. अशा तरतुदींनी व्यापाराला आळा बसतो. मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात चुकून सापडणाऱ्या कासवाला त्यांचा उपयोग कमीच.

सगळी भिस्त एकाच नदीवर, ही या जातीची खरी अडचण. एखादी विषारी गळती किंवा अवेळी सोडलेले पाणी पुरेसे आहे. म्हणून एप्रिल 2025 मध्ये गढायता केंद्रातील 20 कासवे उत्तर प्रदेशातील हैदरपूर पाणथळ परिसरात, गंगेत सोडण्यात आली. त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर बसवलेले असून ती कुठे जातात, कोणते पाणी धरतात, याचा माग घेतला जात आहे.