खाणीतली गाडी खोपोलीत कशी आली?

आजचा भाग रोलर कोस्टरवर आहे. इतिहासाच्या पॉडकास्टवर रोलर कोस्टर काऊन, असं आमच्या आसेगावात कुणीही विचारेल. आसेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं बरं का, विदर्भात या नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत. तर, ज्या कोस्टरमध्ये लेकरू, आई-बाप आणि आजी एकाच गाडीत बसू शकतात, त्याला फॅमिली कोस्टर म्हणतात. पार्कमध्ये त्याला बऱ्याचदा खाणीतल्या गाडीचं रूप दिलेलं असतं. लाकडी टेकू, गंजका पत्रा, कंदील, इंजिनाची शिट्टी. हे रूप आलं कुठून, आणि ते आपल्याकडे येताना काय झालं, एवढंच आज बघायचंय.

उतारावरून घसरायची हौस जुनी आहे. रशियात सतराव्या-अठराव्या शतकात लाकडी उतारावर बर्फ गोठवून त्यावरून घसरायचे. १८१७ साली पॅरिसमध्ये त्याला चाकं लागली. फ्रेंच लोक आजही रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. प्रत्येकाला वाटतं, हे खूळ दुसऱ्याचं.

पण गाडीची खरी गोष्ट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या गावी सुरू होते. १८२७ साली तिथल्या कोळसा कंपनीनं डोंगरावरच्या खाणीपासून नदीपर्यंत साधारण १४ किलोमीटरचा रूळ टाकला. इंजिन नाही. भरलेले डबे उताराच्या जोरावर खाली यायचे, एक माणूस ब्रेक धरून बसायचा. रिकामे डबे वर ओढायला खेचरं. आता ही खेचरं खाली कशी आणायची? तर कोळशाच्या डब्यांमागे त्यांच्यासाठी वेगळे डबे जोडलेले असायचे. खेचरं वाऱ्यावर उभी राहून मजेत खाली यायची. त्या काळच्या वर्णनांत असं येतं की पुढेपुढे ती पायी उतरायला तयारच होईनात. माझ्या मते पृथ्वीवरचे पहिले समाधानी कोस्टर प्रवासी तेच.

माणसांनी हे बघितलं आणि तीही पैसे देऊन बसायला लागली. पुढे कोळशासाठी दुसरा मार्ग झाला, आणि १८७० च्या दशकापासून हा रूळ फक्त हौशी प्रवाशांसाठी चालला, थेट १९३३ पर्यंत. म्हणजे कामाची गाडी होती, काम गेलं, आणि गाडी साठेक वर्षं नुसत्या आनंदावर जगली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१८८४ साली लामार्कस थॉम्पसन या माणसानं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला याच तत्त्वावर एक छोटा झोका उभा केला. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. आपली सायकल जास्त पळते. नकला लगेच निघाल्या. आता पुढे जायचं कसं? वेग वाढवता आला असता, पण थॉम्पसननं दुसरीच वाट धरली. १८८७ साली अटलांटिक सिटीत त्यानं 'सिनिक रेल्वे' काढली: बोगदे, रंगवलेले देखावे, आणि गाडी जवळ आली की आपोआप पेटणारे दिवे. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे फार आवडतं. गाडी आली की घटना घडते, याला आम्ही आज इव्हेंट म्हणतो.

हे नुसतं सजवणं नव्हतं. हळू गाडी वेगवान वाटायची असेल तर प्रवाशाला पुढचा रूळ दिसू द्यायचा नाही. मोकळ्या रानात ताशी ४० म्हणजे काहीच नाही, पण डोक्याला लागेल असं वाटणाऱ्या तुळईखालून तोच वेग अंगावर येतो. आजीला न घाबरवता नातवाला घाबरवायचं, ही फॅमिली कोस्टरची खरी अडचण. ती वेगानं सुटत नाही, देखाव्यानं सुटते.

मधला इतिहास भरभर सांगतो. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न आला आणि पोलादी नळीचा रूळ रूढ झाला. लाकडी रुळापेक्षा तो घट्ट वळणं घेऊ शकतो. १९६६ साली टेक्सासमध्ये 'रनअवे माइन ट्रेन', म्हणजे हातातून सुटलेली खाणगाडी. १९७९ ला डिस्नेलँडचा 'बिग थंडर माउंटन'. कोळशाचं आता सोनं झालं होतं, कारण कॅलिफोर्नियात १८४८ साली सोनं सापडल्याची गोष्ट तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. रांगेत उभं राहूनच त्याला कळतं की खाण आहे, गाडी आहे, आणि ब्रेक लागणार नाही. वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडे कोस्टर आला तो जत्रेतून. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, आणि त्यांच्या बाजूला ड्रॅगनचं तोंड लावलेली लहान गाडी, गोल गोल फिरणारी. तिची थीम म्हणजे ते तोंड, लायटिंग आणि स्पीकरवरची गाणी. मला ती कमी दर्जाची वाटत नाही. जत्रेत खाली उभे असलेले लोकही खेळ बघत असतात, 'अरे तो बघ आपला पोट्टा' म्हणून ओरडतात. पार्कात एकदाच तिकीट काढून आत गेलं की पैसे संपले, मग किंमत वेळेत मोजायची, रांगेत. म्हणून तिथं रांगही सजवावी लागते.

२०१३ साली खोपोलीला इमॅजिका उघडलं. पोटात गोळा आणणारा नायट्रो तिथलाच. आणि घरच्यांसाठी गोल्ड रश एक्सप्रेस, म्हणजे पुन्हा अमेरिकेतली सोन्याची खाण. गाडी मजेची आहे, त्यात वाद नाही. पण ती उभी कुठं आहे बघा. खोपोली म्हणजे बोरघाटाचा पायथा. याच घाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे चढवली गेली. पंचवीस बोगदे, ३७ फुटांना एक फूट चढ, आणि १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२,००० मजूर कामावर. पटकी आणि अपघातांत हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला, मग त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका पुढे नेला. चढ इतका खडा की खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं. गाडी डोंगराच्या नाकावर येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट दिशेनं वर निघायची.

आता गंमत ऐका. २००६ साली फ्लोरिडात डिस्नेनं 'एक्सपेडिशन एव्हरेस्ट' उघडला. त्याची गोष्ट काय, तर आनंदपूर नावाच्या काल्पनिक मुलखातली चहाच्या मळ्याची जुनी रेल्वे. गाडी डोंगरात वर जाते, पुढे रूळ तुटलेला, आणि तिथून ती उलटी निघते. म्हणजे अमेरिकेनं आपल्याकडची डोंगरगाडी नेली, आणि आपण बोरघाटाखाली बसून त्यांची खाण आणली. यात परदेशी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मला खटकतं ते एवढंच की मजुरांची गोष्ट त्यांनी खेळात घातली तेव्हा निदान ती लेकरांच्या डोक्यात तरी राहिली. बोरघाटातले ४२,००० जण कुठल्या लेकराला माहीत आहेत?

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण कारंज्याचं. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, म्हणजे शकुंतला, कारंज्यावरून जायची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची लाइन, वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला टाकलेली. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा, आणि मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत चाललं. दुसऱ्या फाट्यावर, अचलपूरकडे, ७६ किलोमीटरला चार तास लागायचे. म्हणजे ताशी १९. थॉम्पसनच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट! आता ती बंद आहे. मॉक चंकसारखं तिला हौशी गाडी करा, असं मी म्हणणार नाही. कारंज्याच्या माणसाला आधी खरी गाडी पाहिजे, आणि ब्रॉडगेजची मागणी रास्तच आहे. पण ब्रॉडगेज झालं की जुना रूळ उखडणार, आणि त्या डब्यातून काय दिसायचं हे सांगणारी माणसंही तोवर कमी होणार.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या घरी कुणी शकुंतलेनं प्रवास केला असेल, तर मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. स्टेशनांची यादी नको, ती मिळते. गाडी कुठं इतकी हळू व्हायची की पोट्टे उतरून परत चढायचे, रात्री डब्यात उजेड कशाचा असायचा, कापसाच्या दिवसांत वास कसा यायचा, ते विचारा.